टाकीचा आकार आणि दहाचा पाना

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं हे भाषण. वक्ते बरीच वर्षं आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्ती शिकवत. शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी, माय-माउल्या, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले आमचे गॅरेजवाले भाऊ. तुम्ही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. आजचं अर्धं बोलणं तुमच्याच धंद्याचं आहे.

मला चिठ्ठीवर विषय आला तो असा, 'मोटारसायकलची रचना: परंपरा की आधुनिक तंत्रज्ञान?' 'विज्ञान शाप की वरदान' यावर आपण सगळे शाळेत बोललो आहोत आणि शेवटी 'एकाच नाण्याच्या दोन बाजू' असं म्हणून पेला घेऊन घरी गेलो आहोत. आज तसं नको. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे त्यांना उठून जाता येईल. मोटारसायकलीत जी परंपरा जपलेली दिसते ती बहुतेक करून रूपाची आणि आवाजाची असते, कारण ती विकता येते. गावातल्या माणसाच्या कामाची परंपरा निराळी. गाडी बंद पडली तिथंच उघडता यावी, चिखलातून निघावी, मागं लुगड्यातली बाई नीट बसावी. ही परंपरा गेली तरी कोणी हळहळत नाही. आणि ती जाण्याचं खापर तंत्रज्ञानावर फोडावं, असंही मला वाटत नाही.

सुरुवात बुलेटपासूनच करावी लागेल. परंपरा म्हटलं की लोक आधी तिचंच नाव घेतात. आत्ताही बाहेर लिंबाखाली एक उभी आहे, तिचा मालक मघापासून तिच्याकडेच पाहतोय.

बुलेट मुळात इंग्लंडमधल्या रेडिच गावची. आपल्या सैन्याला सीमेवर गस्तीसाठी गाडी हवी होती, त्यासाठी तिची निवड झाली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि जुळणी इथं होऊ लागली. पुढं साचे आणि यंत्रंही इकडे आली. १९७० च्या सुमारास मूळ इंग्रजी कंपनी बंद पडली, मद्रासची मात्र चालूच राहिली. इंजिन तेच. बोर म्हणजे सिलिंडरची रुंदी ७० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, ३४६ सीसी. लांब स्ट्रोकचं इंजिन सावकाश फिरतं आणि कमी फेऱ्यांत ओढ देतं. तिचा 'डुग डुग' यातूनच येतो. कोणी संगीतकार बसवून तो आवाज काढलेला नाही.

त्या गाडीला किक मारणं हे एक शास्त्र होतं. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. हेडलाइटजवळ अँपिअर मीटर असायचा. चावी चालू करून किक हळूहळू दाबत जायची. ठिणगीचा पॉइंट उघडला की मीटरचा काटा मध्यावर यायचा. मग डाव्या हाताशी असलेला डिकॉम्प्रेसर ओढायचा, म्हणजे सिलिंडरमधली कोंडलेली हवा सुटायची. किक अजून जराशी खाली न्यायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून मारायची. हे चुकलं की किक उलटी फिरायची. उलट्या किकेनं पिंडरी सुजलेले पाटील आमच्या वर्गातल्या पोरांनी पाहिले आहेत. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्याची गाडी घेऊन निघालेला माणूस ब्रेक समजून गिअर टाकायचा आणि सरळ धुऱ्यावर चढायचा.

आता या परंपरेचं पुढं काय झालं ते बघा. २००८-०९ पासून बुलेटचं इंजिन बदललं. आधी इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा होता, ते एकाच खोक्यात आले. गिअर डाव्या पायाला आला. २०२० मध्ये आणखी नवं इंजिन आलं. ७२ बाय ८५.८, म्हणजे ३४९ सीसी. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब दांड्या म्हणजे पुशरॉड गेले, त्यांना हलवणारा कॅम वर हेडात गेला, थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट बसला, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जागी संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० मध्ये हेच इंजिन आहे. टाकी तीच, गोल हेडलाइट तोच, वरचं छोटं टोपरं तेच. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा हातानं ओढायची पद्धतही कंपनीनं जपली. गाडी उत्तम आहे. मी चालवली आहे, आरसे थरथरत नाहीत, हाताला मुंग्या येत नाहीत. पण त्या गाडीला किक नाही! ज्या गाडीची सगळी ऐट किकेत होती, ती परंपरेच्या नावावर किकेशिवाय विकली जाते आणि घेणाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होत नाही. काय जपायचं आणि काय सोडायचं हे गिऱ्हाईक ठरवतं, इतिहास ठरवत नाही. कंपनीला दोष देण्याचं कारण नाही. सेल्फ दाबणाऱ्याला किक नको होती, म्हणून ती गेली.

हे फक्त आपल्याकडे झालेलं नाही. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनचं इंजिन ४५ अंशांच्या व्ही आकाराचं, दोन सिलिंडरचं. त्याचा अडखळता आवाज हीच त्यांची ओळख. १९९४ मध्ये त्यांनी तो आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला. बाकीच्या कंपन्या आडव्या आल्या, भांडण चाललं आणि २००० मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला. त्याच कंपनीनं २००१ मध्ये पोर्शच्या मदतीनं पाण्यानं थंड होणारं नवं इंजिन करून व्ही-रॉड नावाची गाडी काढली. ताकदीला चांगली, वळणाला चांगली. जुने हार्लेवाले म्हणाले, ही आमची नव्हे. २०१७ मध्ये ती बंद झाली. इंग्लंडच्या ट्रायम्फनं यातून जास्त चलाख वाट काढली. प्रदूषणाच्या नियमांपायी त्यांच्या बॉनव्हिल गाडीला इंजेक्शन लावावं लागलं, तेव्हा त्यांनी त्याच्या थ्रॉटल बॉडीला, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या भागाला, बाहेरून कार्ब्युरेटरचं रूप दिलं. आत संगणक आणि बाहेर कार्ब्युरेटरचं सोंग. मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा हसू आलं होतं. नंतर वाटलं, माणूस खोटी गोष्टही इतक्या मनापासून जपतो तेव्हा त्याला खरोखर काहीतरी हवं असतं. अशा गाड्या पोळ्याच्या बैलासारख्या सजवलेल्या असतात. शिंगाला बेगड, अंगावर झूल. दिसायला देखण्याच. मला विचारायचं ते दुसऱ्या दिवशीच्या कामाबद्दल.

परंपरेला घट्ट धरून बसलं तर काय होतं, तेही त्याच इंग्लंडनं पाहिलं. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, पुढं डिस्क ब्रेक, बटणावर चालू होणारी. इंग्रजी गाड्यांच्या इंजिनाचा खोका उभा चिरलेला असायचा, दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून तेल झिरपायचं. होंडानं तो आडवा चिरला, सांधा तेलाच्या पातळीच्या वर गेला, ठिबकणं थांबलं. एवढी साधी गोष्ट. पण 'आमच्या गाडीचं असंच असतं' म्हणत इंग्रज कारखानदार बसून राहिले आणि पुढच्या दहा वर्षांत एकामागून एक झोपले. तेल गळणं ही परंपरा नाही. तो बिघाड आहे, फक्त जुना.

आता आपल्या गावाकडं येऊ.

आपल्याकडची जुनी फटफटी म्हणजे राजदूत १७५. मूळ पोलंडची एसएचएल, इथं एस्कॉर्ट्सनं बनवली. दोन स्ट्रोकची, पुढचा सस्पेन्शन आजच्यासारखा दुर्बिणी नळ्यांचा नाही, लांब हातांचा. दोन बाजूंना दुधाच्या कॅना, मागं सरकी ढेपेचं पोतं आणि टाकीवर नातू. मिस्त्रीला सगळी गाडी उघडायला मूठभर पाने पुरायचे. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, रीड व्हॉल्व्ह, हातात घेतली की पोरं हवेत. आज ती लाखाच्या वर मागतात म्हणे. मागू द्या. पण तिच्या मागून सायकलवर जाऊन पाहा. दोन स्ट्रोकच्या इंजिनात नवी हवा-पेट्रोल आत येताना थोडी तशीच जुन्या धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते. तो निळा धूर म्हणजे जळकं ऑइल, त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोल, दोन्ही आपल्याच खिशातलं. १९९६ मध्ये नियम कडक झाले आणि ती बंद झाली. झाली ते बरंच झालं.

१९८५ मध्येच हीरो होंडाची सीडी १०० आली. जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा आणि विसरून जा. तेव्हा मिस्त्री लोक तिला हात लावायला कचरत. चार स्ट्रोकची, आत कॅम, टायमिंगची चेन, टॅपेट. 'ही कंपनीतच न्या, आपल्या हातची नाही,' असं सांगून परत पाठवत. पाच-सात वर्षांत त्याच मिस्त्र्यांनी टॅपेटची फट मोजायचं फीलर गेज विकत घेतलं आणि टॅपेट डोळे झाकून करू लागले. १९९४ मध्ये तिच्याच पोटातून स्प्लेंडर आली. बोर ५०, स्ट्रोक ४९.५, ९७.२ सीसी. सीडी १०० पासून आजच्या स्प्लेंडरपर्यंत हा आकडा बदललेला नाही. तुम्ही बुलेटला परंपरा म्हणता, पण इंजिनाच्या मापाला खरी चिकटून राहिलेली गाडी तुमच्या अंगणात उभी आहे आणि तिच्यावर पोरं बोऱ्या वाळत घालतात. तिच्या नावानं कोणी क्लब काढत नाही.

स्प्लेंडरसारख्या कामाच्या गाडीच्या रचनेत आणखी दोन-तीन गोष्टी असतात ज्यांच्याकडं लक्ष जात नाही. पहिली, चेनचं पूर्ण झाकण. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात पांदणीतून शेतात जाऊन पाहा. ही माती ओली असताना चिकट आणि सुकली की दगड. उघड्या चेनवर ती बसली की ग्रीसमध्ये मिसळून सँडपेपर तयार होतो, एका पावसाळ्यात चेन-स्पॉकेटची वाट. पूर्ण झाकण दिसायला बाबा आदमच्या काळातलं, म्हणून नव्या तरुण गाड्यांना अर्धंच झाकण. ती गाडी ज्याच्या आराखड्याच्या टेबलावर तयार झाली त्यानं आपली पांदण पाहिलेली नाही.

दुसरी त्याहून महत्त्वाची. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा. आज फॅशन अशी की पुढचं मडगार्ड टायरला खेटून असावं. दिसायला रेखीव, हायवेवर काही अडचण नाही. पण मृगाचे दोन पाऊस झाल्यावर तीच गाडी बांधापर्यंत न्या. शंभर-दीडशे पावलांत टायरला माती गुंडाळली जाते, मडगार्डात दाटते आणि चाक जागच्या जागी बसतं. मग माणूस खाली उतरतो, तुऱ्हाटीची काडी शोधतो आणि बसतो खरवडत. पुन्हा पन्नास पावलं. पुन्हा उतरा. एका पावसाळ्यात मी पाहिलं, एका भावानं वैतागून पुढचं मडगार्डच काढून घरी टांगलं. मग चिखल सरळ तोंडावर आणि हेडलाइटवर. त्याच्या बायकोनं सांगितलं, 'याईले पाहून पोट्टे भेतात जी.' मडगार्ड चार बोटं वर बसवायला कुठलंही परकं तंत्रज्ञान लागत नाही. डोंगर-वाळूत चालायच्या गाड्यांना ते वर असतंच. शंभर सीसीच्या कामाच्या गाडीला ते वर बसवणारा कारखानदार मला अजून भेटायचा आहे.

तिसरी, सीट. इथं माय-माउल्या बसल्या आहेत, त्यांना विचारा. आपल्याकडं मागं बसणारी बाई एका बाजूला पाय घेऊन बसते, साडी नाहीतर लुगडं नेसून. पदर चाकात गेला की काय होतं ते सांगायची गरज नाही. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागच्या माणसाला धरायला मूठ, पायाला टेकू आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं कव्हर हवं. साडी गार्ड म्हणतो ते हेच. ही आपल्या मातीतली रचना आहे आणि तिच्यामागं कायदा आहे. तरी शोरूममधून गाडी काढली की पोरगा पहिलं काम काय करतो? साडी गार्ड काढून फेकतो, 'लूक' जातो म्हणून. आणि कंपन्याही आता मागची सीट इतकी चढती, निमुळती करतात की तिच्यावर एका बाजूला बसायचं म्हणजे खापरावर अंडं ठेवायचं. लांब, सपाट, दोन हात पुरेल अशी सीट ही जुनी गोष्ट आहे. ती गेली ते वायुगतीसाठी नाही. मागं माय बसणार, हा विचारच आराखड्यातून गळला.

हे झालं परंपरेच्या बाजूनं. आता ज्या ठिकाणी परंपरा मार खाते तिकडं वळतो, कारण आमचे गॅरेजवाले भाऊ टाळ्या वाजवायच्या तयारीत दिसतात.

कार्ब्युरेटर. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस सहा नियम आले आणि त्याबरोबर लहान गाड्यांतही इंजेक्शन आलं. तेव्हापासून ऐकतोय, 'जुनं कारबेटर बरं होतं जी, उघडलं, जेट फुकलं, लावलं.' खरं आहे. खालची वाटी काढायला तीन-चार स्क्रू. मधे पितळी जेट, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. भोकात कचरा अडकला की गाडी झटके मारते. फुंकर घातली की मोकळं. अर्ध्या तासाचं काम, पन्नास रुपये आणि एक चहा. मी शेकडो पोरांना हे शिकवलं आणि मला त्याचा जिव्हाळा आहे.

पण कार्ब्युरेटर आंधळा आहे. जेटच्या भोकातून ठरलेलं पेट्रोल जाणार, मग मे महिन्यातला पंचेचाळीस डिग्रीचा अकोला असो की डिसेंबरातली पहाट. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ऊस आणि मका यांच्यापासून केलेलं. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून गेलेलं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. इथेनॉलमध्ये उष्णताही पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, तेव्हा मायलेज थोडं उतरणारच. शिवाय ते पाणी ओढतं. आखाडात महिनाभर उभी राहिलेली जुनी गाडी चालू होईना, तर टाकीचा कॉक उघडून बाटलीत पेट्रोल घ्या आणि उजेडात धरा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर याच्यात फुगतात, तडकतात. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो धुराचा अंदाज घेतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. बदलत्या पेट्रोलला नवी गाडीच नीट तोंड देते. जुन्याचा अभिमान कितीही असला तरी इथं त्याचा उपयोग नाही.

मग अडचण कुठं आहे? ती इंजेक्शनमध्ये नाही, त्याची भाषा कोणाला येते यात आहे. एक उदाहरण सांगतो. पावसाळ्यात एक काकाजी गाडी ढकलत आले. 'सर, घसरून पडलो, तव्हापासून बंदच आहे. किका मारू मारू पाय भरून आला.' गाडीला काहीही झालेलं नव्हतं. पुष्कळशा इंजेक्शन गाड्यांत एक कल ओळखणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद पाडतो, पेट्रोल सांडून पेट घेऊ नये म्हणून. गाडी उभी केल्यावर चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायची, एवढंच. चावी फिरवली, सेल्फ दाबला, चालू. काकाजी म्हणाले, 'हे सांगाले काय पैसे लागत होते यायले?' प्रश्न बरोबर होता. ज्यानं गाडी विकली त्यानं पुस्तक दिलं असेल, ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल. पण हे वाक्य मराठीत टाकीवर चिकटवायला काय हरकत होती?

आणखी एक. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. तो लागला की माणूस घाबरतो आणि तालुक्याला धावतो. तो दिवा बोलतो, भावांनो. होंडाच्या पद्धतीत चावी चालू केल्यावर तो मोजून लुकलुकतो. लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. आठ वेळा छोटी उघडझाप झाली तर थ्रॉटलचा सेन्सर. सात म्हणजे तापमानाचा. एक लांब आणि दोन छोट्या, म्हणजे बारा, इंजेक्टर. काही गाड्यांत त्यासाठी सीटखालच्या कनेक्टरची दोन टोकं तारेनं जोडावी लागतात. कंपनीगणिक आकडे बदलतात, तेव्हा ज्या गाडीचं काम त्या गाडीचा तक्ता पाहायचा. पण अर्ध्या वेळेला सेन्सर बिघडलेलाच नसतो. त्याच्या सॉकेटमध्ये पाणी गेलेलं असतं, पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो किंवा उंदरानं वायर कुरतडलेली असते. कापसाच्या घरात गाडी उभी केली की उंदीर आलाच. सॉकेट काढा, पुसा, पुन्हा लावा. हे काम आपल्या मिस्त्रीला येतंच, त्याला फक्त कुठं पाहायचं ते कळलं पाहिजे.

मी एका मोठ्या गॅरेजात दहा मिनिटांच्या अशा कामाला तीन दिवस गाडी ठेवून घेतलेली पाहिली आहे. सॉकेट पुसायचा होता, सेन्सर नवा बसवला. माणसाचे पैसे गेले, तीन दिवस तो एसटीची वाट पाहत उभा राहिला. राग सेन्सरवर निघाला. काढायला हवा होता ज्यांनी त्या ज्ञानाला कुलूप लावलं त्यांच्यावर. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं २०२२ च्या शेवटी दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. कल्पना चांगली आहे. गावच्या मिस्त्रीपर्यंत ती पोचली का, हे मागच्या भिंतीजवळचे हात वर करून सांगतील. एकही हात नाही. बरं.

ब्रेकबद्दल लांबण लावत नाही. ड्रममध्ये पाणी गेलं की थोडा वेळ ब्रेक लागतच नाही, नाल्यातून गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १२५ सीसीच्या वर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, आणि त्याखाली कॉम्बी ब्रेक सक्तीचे झाले, ते योग्यच झालं. कॉम्बीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, गिट्टीवर गाडी सरळ थांबते. इथं मी जुन्याची बाजू घेणार नाही. ज्याला घ्यायची त्यानं आधी हाड जोडणाऱ्या डॉक्टरला विचारावं.

विजेच्या गाड्यांबद्दल लोक आज-उद्या विचारतातच. तालुक्याला जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर आणि घरी चांगली वायरिंग, असं असेल तर जमतं. क्लच नाही, चेन नाही, तेल नाही. पण आमच्याकडच्या उन्हात टिनाच्या छपराखाली बॅटरी चार्जला लावू नका, संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर लावा. अर्थिंग नसलेल्या जुन्या बोर्डावर तर मुळीच नको. २०२४ मध्ये बजाजनं सीएनजीवरची फ्रीडम काढली, जगातली पहिली. दोन किलोची गॅसची टाकी सीटखाली बसवायला अक्कल लागते. पण आमच्या तालुक्यात गॅसचा पंप शोधत फिरण्यातच तो गॅस संपेल.

गावानंही गाडीची रचना केली आहे, हे मात्र विसरू नका. १९९० च्या दशकात बुलेटची एक डिझेल आवृत्ती होती, टॉरस. ३२५ सीसीचं ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनी इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर. तसलं इंजिन आपण शेतात पाण्याच्या पंपावर पाहतो. पळायची कासवासारखी, आवाज ट्रॅक्टरचा, पण लिटरला साठच्या वर जायची. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी नावाच्या माणसानं १९९४ च्या सुमारास त्याच्याही पुढची उडी मारली. दुष्काळात बैल परवडेनात म्हणून त्यानं बुलेटचं मागचं चाक काढलं, दोन चाकांचा सांगाडा बसवला आणि त्याला कोळपं जोडलं. बुलेट सांती म्हणतात त्याला. त्यावर पेटंट मिळालं, अमेरिकेतलंसुद्धा. डवऱ्याला फटफटी जुंपायचे असे खटाटोप तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. हे का जमलं? त्या इंजिनाचा नट न नट त्याला ठाऊक होता म्हणून. आजच्या पुष्कळ गाड्यांत चाकाचा वेग सेन्सर मोजतो. चाक बदललं की संगणकाचा हिशेब चुकतो आणि मीटरवर दिवा लागतो. तरी हा सेन्सर जोडायचा कसा हे जर कोणी सांगितलं, तर आपला एखादा पोरगा तेही करेल. पोरं मोबाइलचं सॉफ्टवेअर बदलतात, गाडीचं काय घेऊन बसलात.

इथं समोरून एक प्रश्न चिठ्ठीनं आला आहे. 'सर, स्कॅनर घ्यावा का? महाग पडते.' स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातला बिघाड वाचून दाखवणारं यंत्र. एकट्यानं घेऊ नका. या रस्त्यावर चार-पाच गॅरेज आहेत, मिळून एक घ्या आणि एका जागी ठेवा. घेताना विकणाऱ्याला विचारा की तुमच्याकडं येणाऱ्या गाड्यांपैकी कुठल्या त्यात दिसतात. नुसतं 'सगळ्या दिसतात' म्हणाला तर समोर एक गाडी लावून दाखवायला सांगा. आणि स्कॅनरच्या आधी मल्टिमीटर घ्या. पाच व्होल्ट येतात की नाही हे मोजता आलं तर निम्मे सेन्सर उघडे पडतात.

दुसरी चिठ्ठी आहे, दिवा मोजायला शिकवाल का. शिकवतो. उद्या सकाळी आठला शाळेच्या मैदानात या. इंजेक्शनची गाडी असेल तीच आणा. बॅटरी चार्ज करून आणा, कारण बॅटरी झोपलेली असली तर दिवाही बोलत नाही. दहाचा पाना आणि पेचकस आपापला. आणि ज्याच्या गाडीवर पुस्तक अजून पिशवीत आहे, त्यानं ते घेऊन या.